ठराव कोणाचा, समुद्र कोणाचा? सुमिलोन आणि आपो या दोन बेटांचा इतिहास

‘गावाचा निर्णय गावाने घ्यावा’ हे वाक्य ऐकले की आंबेडकरी कार्यकर्त्याच्या कपाळावर आठी पडते. पडायलाच हवी. गावाचा निर्णय म्हणजे गावातल्या नेमक्या कोणाचा, हा प्रश्न आपल्या आजा-पणज्यांनी पाणवठ्यावर उभे राहून विचारलेला आहे. पण या आठीमुळे आपल्याला एक उलटी सवयही लागली. ग्रामपंचायत, नगरपरिषद, जिल्हा परिषद हे सगळे प्रस्थापितांचे अड्डे. आपले काम मंत्रालयात आणि कोर्टात, असे आपण मानून चालतो. पर्यावरणाच्या प्रश्नावर तर हे फारच दिसते. जंगल असो, नदी असो की समुद्र, एक बाजू म्हणते ‘सरकारने ताब्यात घ्यावे’, दुसरी म्हणते ‘लोकांवर सोडा’. दोन्ही बाजू ‘सरकार’ आणि ‘लोक’ हे शब्द असे वापरतात, जणू त्यांच्या पोटात मालक नाही, मजूर नाही, वरचा नाही, खालचा नाही.

या दोन्ही बाजूंना उघडे पाडणारा एक इतिहास फिलिपिन्समध्ये घडला आहे. विषय आहे प्रवाळाचा, म्हणजे समुद्रातल्या पोवळ्यांच्या खडकांचा. मित्रांनो, ‘हा आपला विषय नाही’ म्हणून पान उलटू नका. तिथे प्रवाळ वाचवले ते नगरपालिकेच्या ठरावाने, आणि मोडले तेही नगरपालिकेच्या पाठिंब्याअभावी. हे दोन्ही एकाच समुद्रात, एकाच दशकात घडले.

आधी प्रवाळाबद्दल दोन शब्द. प्रवाळ हा खडक दिसतो, पण तो बांधलेला असतो जिवंत, बारीक प्राण्यांनी. त्यांच्या चुनखडीच्या सांगाड्यांचा थर वर्षानुवर्षे चढत जातो. त्या कपारींमध्ये मासे अंडी घालतात, लपतात, वाढतात. लाट किनाऱ्यावर आदळण्याआधी इथे तुटते. किनाऱ्यावरचा गरीब मच्छिमार, ज्याच्याकडे मोठे इंजिन नाही, बर्फाची सोय नाही, तो जगतो या खडकावर. खोल समुद्रात जाणाऱ्या ट्रॉलरच्या मालकाला प्रवाळ मेला तरी फरक पडत नाही. तो पुढच्या पाण्यात जातो. होडीवाला कुठे जाणार? म्हणून प्रवाळाचा प्रश्न हा सुंदर फोटोंचा प्रश्न नाही, पोटाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर फिलिपिन्सच्या किनाऱ्यांवर सुरुंगाची मासेमारी पसरली. बाटलीत दारू भरायची, वात पेटवायची, पाण्यात टाकायची. मासे पोट वर करून तरंगतात, आणि खाली खडकाचा चुरा होतो. पुढे मत्स्यालयांच्या व्यापारासाठी सायनाइड आले. पण सगळ्यात भयंकर प्रकार म्हणजे ‘मुरो-आमी’. ओकिनावाच्या जपानी मच्छिमारांनी महायुद्धापूर्वी आणलेली ही पद्धत. प्रवाळाच्या कडेला प्रचंड जाळे लावायचे. मग पोहणाऱ्यांची लांब रांग, प्रत्येकाच्या हातात दोर, दोराच्या टोकाला दगड किंवा लोखंडी वजन. ते वजन प्रवाळावर आपटत आपटत पुढे सरकायचे आणि घाबरलेले मासे जाळ्यात हाकायचे. एकेका जहाजावर शेकडो पोहणारे, त्यात कितीतरी अल्पवयीन पोरे. घरच्या कर्जापोटी, आगाऊ उचलीपोटी समुद्रावर पाठवलेली. साखर कारखान्याच्या मुकादमाची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना याच्यावर वेगळी टीप नको. खडक फोडणारा हात पोराचा, आणि नफा जहाजमालकाचा. वर्तमानपत्रात मात्र ‘अडाणी मच्छिमार निसर्ग नष्ट करतात’ असे छापून येते. १९८६ मध्ये फिलिपिन्स सरकारने मुरो-आमीवर बंदी घातली.

आता सुमिलोन. सेबू प्रांताच्या दक्षिण टोकाला ओस्लोब नावाची नगरपालिका आहे. (तिथली नगरपालिका म्हणजे आपल्यासारखे एक शहर नव्हे, अनेक गावे मिळून झालेला, आपल्या छोट्या तालुक्यासारखा भाग. त्याखालचे गाव म्हणजे ‘बारांगाय’. नगराध्यक्ष थेट लोक निवडतात.) ओस्लोबसमोर समुद्रात सुमिलोन हे जेमतेम २३ हेक्टरचे बेट. शेजारच्या नेग्रोस बेटावरच्या दुमागेते शहरात सिलीमन विद्यापीठ आहे. तिथले प्राणिशास्त्रज्ञ अँजेल अल्काला यांनी १९७४ मध्ये ओस्लोब नगरपालिकेला एक साधी गोष्ट पटवली : बेटाभोवतीच्या प्रवाळाचा चौथा हिस्सा मासेमारीला बंद करा, उरलेला तीन चतुर्थांश खुला ठेवा. आतले मासे मोठे होतील, त्यांची पिल्ले बाहेर पसरतील, बाहेरच्यांना जास्त मिळेल. आज हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. तेव्हा हा अंदाज होता.

वर्षही लक्षात घ्या. १९७२ पासून देशात मार्कोस यांचा लष्करी कायदा लागू होता. सगळी सत्ता मनिलात. मासेमारीचा १९७५ चा अध्यादेशही मनिलातूनच आला, आणि नगरपालिकेने समुद्राबाबत काही नियम केला तरी त्यावर वरच्या सरकारची मोहोर लागत असे. अशा काळात एका छोट्या नगरपालिकेने विद्यापीठाशी हात मिळवून प्रवाळाचा तुकडा राखला, हे खरेच कौतुकाचे. दहा वर्षे तो राखला गेला. मासे वाढले.

१९८४ मध्ये संरक्षण कोसळले. नगरपालिकेच्या राजकारणाचा वारा फिरला होता, विद्यापीठाशी बिनसले होते, आणि राखलेल्या तुकड्यात सुमारे १०० मच्छिमार उतरले. गळ, जाळी, सापळे, आणि त्याबरोबर सुरुंग आणि मुरो-आमीही. अल्काला आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ गॅरी रस यांनी ही पडझड मोजून ठेवली. दोन वर्षांत बेटाभोवतीचे एकूण मासळी उत्पादन ५४ टक्क्यांनी घटले. गळाला लागणारा आणि जाळ्यात येणारा माल जवळपास निम्म्याहून खाली आला. नीट पाहा : मासेमारीसाठी जागा वाढली होती. आधी तीन चतुर्थांश खडक खुला होता, आता सगळा. तरी मासे निम्मे. जो तुकडा बंद होता तोच बाकीच्यांना पोसत होता, हे तो उघडल्यावर सिद्ध झाले. विज्ञानाला पुरावा मिळाला, मच्छिमाराच्या ताटातले गेले.

मग चूक कोणाची? नगराध्यक्षाची, असे म्हणणे सोपे आहे. पण मूळ रचनेकडे पाहा. सुमिलोनवर वस्ती नव्हती. मासे पकडणारे सेबूच्या किनाऱ्यावरून येत. करार झाला तो विद्यापीठ आणि नगरपालिका यांच्यात. ज्याचा गळ त्या पाण्यात पडत होता त्याला या व्यवहारात जागा नव्हती. त्याच्या दृष्टीने ते ‘विद्यापीठवाल्यांचे पाणी’ होते. दहा वर्षे त्याचा फायदा त्याच्याच जाळ्यात येत होता, पण निर्णय त्याचा नव्हता. म्हणून जेव्हा तो उघडला गेला तेव्हा त्याला आडवा यायला कोणी किनाऱ्यावर उभे राहिले नाही.

ठराव येतो आणि ठराव जातो. हे आपल्याला कोणी फिलिपिन्समधून येऊन शिकवायची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले, काठावर बंद. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो माणसांसह ते पाणी प्यायले, आणि ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. तळ्याचा प्रश्न माणूसपणाचा होता, प्रवाळाचा प्रश्न उपजीविकेचा. दोन्ही एका तराजूत घालण्याचा खुळेपणा मी करणार नाही. पण स्थानिक संस्थेच्या ठरावाचा स्वभाव दोन्हीकडे तोच आहे. त्याच्यामागे ज्याचा हक्क आहे तो संघटित उभा नसेल आणि वरून कायद्याचे बळ नसेल, तर पुढच्या बैठकीत तो पुसला जातो.

आता दुसरे बेट. आपो. हेही तसे जवळच, नेग्रोसच्या किनाऱ्यापासून सुमारे ७ किलोमीटरवर, दाउइन नगरपालिकेत. क्षेत्रफळ पाऊण चौरस किलोमीटरच्या आतबाहेर. फरक एकच, पण सगळा इतिहास त्यात आहे : आपोवर माणसे राहतात. काहीशे लोकांची वस्ती, जवळपास सगळी मासेमारीवर.

सिलीमनचे लोक १९७९ च्या सुमारास आपोवर जाऊ लागले. बेटकऱ्यांनी लगेच होकार दिला नाही. का द्यावा? ज्यांच्याकडे जमीन नाही, ज्यांचे सगळे शेत म्हणजे तो खडक, त्यांना सांगायचे की शेताचा एक तुकडा पडीक ठेवा. विद्यापीठाच्या बाजूने शहाणपणाची गोष्ट ही झाली की त्यांनी घाई केली नाही. बेटकऱ्यांना सुमिलोनला नेऊन राखलेला तुकडा दाखवला. संघटक बेटावर राहिले, बैठका झाल्या, वाद झाले. तीनेक वर्षांनी, १९८२ मध्ये, १४ कुटुंबे तयार झाली. सगळे बेट नव्हे, १४ कुटुंबे. त्यांनी बेटाच्या एका बाजूला किनाऱ्यालगतची सुमारे ४५० मीटर लांबीची पट्टी बंद ठेवली. बेटाभोवतीच्या मासेमारीच्या जागेच्या सुमारे दहावा हिस्सा. राखण करायला पोलीस नाही, स्पीडबोट नाही. किनाऱ्यावर एक माणूस बसला की पट्टी नजरेत येते. कुटुंबांनी पाळ्या लावल्या.

तीन वर्षांत पट्टीतले मासे वाढलेले डोळ्यांना दिसू लागले. मग बाकीची कुटुंबे आली, आणि १९८५ मध्ये दाउइन नगरपालिकेचा अध्यादेश होऊन त्या राखणीला कायद्याचे बळ मिळाले. बेटाच्या उरलेल्या पाण्यासाठीही नियम झाले : गळ, बांबूचे सापळे, मोठ्या आसाचे जाळे चालेल, सुरुंग, सायनाइड, मुरो-आमी चालणार नाही. राखण बेटकऱ्यांच्या सागरी व्यवस्थापन समितीकडे.

क्रम लक्षात आला का? सुमिलोनला आधी ठराव, मग लोकांनी पाळावे ही अपेक्षा. आपोला आधी लोकांची पाळी, मग ठराव. नगरपालिकेने आपोत काही निर्माण केले नाही. जे होते त्याला मान्यता दिली. पण त्या मान्यतेला कमी लेखू नका. बाहेरची बोट पट्टीत शिरली तर आपोचा मच्छिमार आता ‘आमचा रिवाज आहे’ असे म्हणत नव्हता, ‘कायदा आहे’ असे म्हणत होता. दुबळ्याच्या तोंडात कायदा असणे म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. रिवाज बलवानाच्या कामी येतो.

पुढच्या वर्षांत आपोची माणसे घराजवळ, कमी तास घालवून तेवढीच मासळी आणू लागली. पाण्याखाली बुडी मारायला पर्यटक आले. बेट जगभर गाजले. एम.ए.ला आम्हाला गॅरेट हार्डिन यांचा १९६८ चा सिद्धांत शिकवला होता : सामाईक साधन असले की माणसे ते ओरबाडून संपवतात, म्हणून एक तर खासगी मालकी करा, नाहीतर सरकारी दंडुका आणा. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवले की माणसे स्वतः नियम करून सामाईक साधने राखतात, मात्र त्यासाठी नियम करण्यात त्यांचा वाटा हवा आणि वरच्या सत्तेने त्यांचा तो अधिकार मान्य करायला हवा. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपोच्या १४ कुटुंबांनी ते १९८२ मध्ये नोबेलविना करून दाखवले होते.

१९८६ मध्ये मार्कोस गेले. १९८७ च्या नव्या राज्यघटनेत एक कलम आले ज्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. तेराव्या प्रकरणात, सामाजिक न्यायाच्या प्रकरणात, असे म्हटले आहे की उदरनिर्वाहापुरती मासेमारी करणाऱ्यांचा, विशेषतः स्थानिक समुदायांचा, सामाईक सागरी साधनांवरचा प्राधान्याचा हक्क राज्य संरक्षित करील. पर्यावरणाच्या प्रकरणात नव्हे, सामाजिक न्यायाच्या. हा फरक शब्दांचा नाही. समुद्र राखायचा तो कोणासाठी, हे घटनेने आधीच सांगून टाकले.

त्यानंतर १९९१ चा स्थानिक शासन संहिता कायदा. किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचे पाणी ‘नगरपालिकेचे पाणी’ झाले. परवाने, शुल्क, बंद क्षेत्रे, सगळे नगरपालिकेच्या हातात. आणि छोट्या मच्छिमारांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य. देशाच्या अंतर्गत महसुलाचा ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना. अधिकार दिला आणि पैसा दिला नाही, अशी आपल्याकडची थट्टा निदान कागदावर तरी टाळली. १९९८ च्या मत्स्य संहितेने त्यात भर घातली : व्यापारी बोटींना या पाण्यातून सर्वसाधारणपणे बाहेर ठेवले, प्रत्येक नगरपालिकेने आपल्या किनारी क्षेत्राचा किमान १५ टक्के भाग शक्य तिथे मत्स्य अभयारण्य म्हणून राखावा असे सांगितले, आणि प्रत्येक किनारी नगरपालिकेत मत्स्य व्यवस्थापन परिषद आणली. या परिषदेत मच्छिमारांचे ११ प्रतिनिधी : ७ छोटे मच्छिमार, १ बोटीवरचा कामगार, ३ व्यापारी मासेमारीचे, त्यांच्यात स्त्रिया आणि तरुणांचे प्रतिनिधित्व हवेच.

या आकड्यांवर मी मुद्दाम थांबते. ७, १ आणि ३. कायदा करणाऱ्याला माहीत होते की ‘मच्छिमार’ नावाचा एकसंध माणूस नसतो. बोटमालकाचे हित आणि खलाशाचे हित एक नसते. म्हणून खलाशाची खुर्ची वेगळी मोजली. एकच खुर्ची आहे, हे खरे. कमीच आहे. पण मोजली तरी. आपल्याकडे ‘मच्छिमार समाजाशी चर्चा’ होते तेव्हा समोर कोण बसलेले असते, हे आठवून पाहा : सोसायटीचा अध्यक्ष, दोन ट्रॉलरमालक, एखादा व्यापारी. डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकणारी बाई आणि बोटीवरचा खलाशी त्या फोटोत नसतात.

फिलिपिन्सच्या या वाटेने पुढे एक हजाराहून जास्त सागरी संरक्षित क्षेत्रे तयार झाली, बहुतेक नगरपालिकांची किंवा गावांची, बहुतेक अगदी छोटी. इथे टाळ्या वाजवायला बसू नका. यातली कितीतरी फक्त कागदावर राहिली. फलक लागला, तरंगती खूण बांधली, निवडणूक झाली, विषय संपला. नगराध्यक्षपद अनेक ठिकाणी एकाच घराण्यात फिरते. तीन कार्यकाळांची मर्यादा आहे, तर मग बायको, मुलगा, भाऊ. ही घराणी जमिनीची आणि कधी बोटींचीही मालक. राखण करणारे ‘बांताय दागात’, म्हणजे समुद्रराखे, बहुधा गावचेच मच्छिमार, तुटपुंज्या मानधनावर रात्री गस्त घालणारे. बेकायदा बोटीच्या मालकाची ओळख वरपर्यंत असते, यांच्या हातात असतो टॉर्च. एप्रिल २००६ मध्ये सेबू शहराच्या समुद्रराखण मोहिमेचे प्रमुख एल्पिडिओ ‘जोजो’ दे ला व्हिक्टोरिया यांना त्यांच्या घरासमोर गोळ्या घातल्या गेल्या. स्थानिक शासनाचा पाठिंबा हा शब्द आपण फार सहज लिहितो. तो पाठिंबा त्या रात्री किती लांब होता?

ओस्लोबचेही पुढे ऐका. २०११ पासून ही नगरपालिका जगभर ओळखली जाते ती व्हेल शार्कमुळे. किनाऱ्याजवळ त्यांना रोज खाऊ घालतात आणि पर्यटक पैसे देऊन त्यांच्या शेजारी पोहतात. पैशाची वाटणी ठरली आहे, मोठा हिस्सा मच्छिमारांच्या संघटनेला जातो, आणि ही गोष्ट मला चुकीची वाटत नाही. पण त्या जागेवरचे प्रवाळ शेजारच्या खडकांपेक्षा खालावल्याचे अभ्यास सांगतात, आणि प्राण्याला खाऊ घालून खिळवून ठेवण्यावर शास्त्रज्ञांचे गंभीर आक्षेप आहेत. म्हणजे स्थानिक संस्थेला कमाई आणि मच्छिमाराला वाटा मिळाला की निसर्ग आपोआप वाचतो, असेही नाही. समोर पैसा दिसत असताना पाण्याखालच्या खडकाची बाजू मांडणारे कोणीतरी त्या बैठकीत लागते. आपोत ते काम विद्यापीठाने केले होते.

आणि ‘सरकारने ताब्यात घ्यावे’ म्हणणाऱ्यांसाठी आपोचा उत्तरार्ध. १९९२ च्या राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र कायद्याखाली ऑगस्ट १९९४ मध्ये आपो राष्ट्रीय संरक्षित भूप्रदेश आणि सागरप्रदेश म्हणून घोषित झाले. त्या वेळी पर्यावरण खात्याचे सचिव, म्हणजे आपल्या भाषेत मंत्री, होते खुद्द अँजेल अल्काला. हेतूवर शंका घ्यायला जागा नाही. ज्याने ते बेट उभे केले त्याच्याच काळात हे झाले. पण परिणाम काय? बेटकऱ्यांच्या समितीच्या जागी वरून रचलेले व्यवस्थापन मंडळ आले, त्यात अधिकारी आले. पर्यटकांचे शुल्क राष्ट्रीय निधीत जाऊन परत येऊ लागले. हिस्सा बेटाचाच, पण पोचायला उशीर. राखण करणाऱ्यांचा उत्साह कमी झाला, आपले बेट आपल्या हातून गेले असे लोक म्हणू लागले. पुढे संशोधकांनी या राष्ट्रीयीकरणाला चुकीचे वळण म्हणावे का, असा प्रश्न शीर्षकातच विचारला. सद्‌हेतूचे केंद्रीकरणही केंद्रीकरणच असते.

डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२ मधल्या दोन वादळांनी त्या १४ कुटुंबांनी राखलेल्या पट्टीतले प्रवाळ जवळजवळ उद्ध्वस्त केले. समुद्र तापतो आहे, प्रवाळ पांढरे पडत आहेत, आणि हे दाउइनच्या ठरावाने थांबत नाही. त्या धुराचा हिशेब श्रीमंत देशांकडे आहे. नगरपालिकेच्या अधिकाराची हद्द १५ किलोमीटरवर संपते, कारणांची संपत नाही.

मग बाबासाहेबांचे काय? ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी खेड्याचा जो धिक्कार केला तो आपल्याला पाठ आहे. पण ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर ते बोलले, ते आपण कमी वाचतो. तिथे त्यांचा मुद्दा असा होता की जातीने भरलेल्या गावात अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व न देता पंचायत उभी करणे म्हणजे त्यांना बहुसंख्यांच्या ताब्यात देणे. म्हणजे प्रश्न ‘स्थानिक की केंद्रीय’ एवढाच नव्हता. त्या संस्थेत कोण बसणार, आणि तिच्या मनमानीला आवर घालणारा कायदा कुठे आहे, हा होता. या दोन अटी घेऊन सुमिलोन आणि आपो पुन्हा वाचा. सुमिलोनला पहिली अट नव्हती. आपोला दोन्ही मिळाल्या, आणि १९९४ नंतर पहिली अट ढिली झाली. फिलिपिन्सच्या १९९८ च्या परिषदेत ७, १ आणि ३ चे गणित आले ते याच अटीचे एक रूप आहे, ते मांडणाऱ्यांनी बाबासाहेबांचे नाव ऐकले असो वा नसो.

आपल्या किनाऱ्याकडे या. मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे. १९८७ मध्ये राज्य सरकारने वन्यजीव कायद्याखाली २९.१२ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य घोषित केले. मच्छिमारांनी सुरुवातीपासून विरोध केला, आणि तो विरोध प्रवाळाला नव्हता. रापण ओढणाऱ्याला, गिलनेटवाल्याला भीती होती की वनखात्याच्या नकाशावर त्याची रोजी गुन्हा ठरेल. त्याच किनाऱ्यावर पर्ससीन आणि एलईडी दिव्यांची मासेमारी यांच्याविरुद्ध हेच पारंपरिक मच्छिमार वर्षानुवर्षे भांडत आहेत. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, ते या भांडणातूनच. म्हणजे समुद्र राखण्याची मागणी खालून येते, अभयारण्य वरून येते, आणि दोघांची गाठ पडत नाही.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी जे विषय लिहिले त्यात मत्स्यव्यवसाय पाचवा आहे. अनुसूचित जाती, जमाती आणि स्त्रियांच्या राखीव जागाही त्याच दुरुस्तीने दिल्या. म्हणजे १९३२ ची मागणी साठ वर्षांनी घटनेत आली. फिलिपिन्सचा स्थानिक शासन कायदा आणि आपली ही दुरुस्ती यांत जेमतेम वर्षाचे अंतर. त्यांनी नगरपालिकेला १५ किलोमीटर समुद्र दिला. आपल्या किनारी ग्रामपंचायतीची हद्द वाळूवर संपते. पुढचे पाणी राज्याच्या मत्स्यखात्याचे. आपण खुर्चीवर माणूस बसवला आणि त्याच्यासमोर समुद्र ठेवला नाही.

तिकडेही हा १५ किलोमीटरचा हक्क सुखाने नांदत नाही. एका व्यापारी मासेमारी कंपनीच्या दाव्यात डिसेंबर २०२३ मध्ये मालाबोनच्या न्यायालयाने व्यापारी बोटींना नगरपालिकेच्या पाण्यातून बाहेर ठेवणारी तरतूद घटनाबाह्य ठरवली. सरकारी मत्स्यखात्याने अपील मुदतीत केले नाही, म्हणून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने ते फेटाळले. छोट्या मच्छिमारांच्या संघटना रस्त्यावर आल्या, फेरविचाराचे अर्ज गेले. ज्या दाव्यावर लाखो होडीवाल्यांचे पाणी अवलंबून होते, त्यात मूळ पक्षकार दोनच होते : कंपनी आणि सरकारी खाते. सुमिलोनच्या करारातही दोनच होते.